वाऱ्यावर ढकललेला दोष

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहणाऱ्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांची वीस वर्षांची मुलगी महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण घेते. गेल्या महिन्यात ती सेस्ना 172 हे छोटे विमान एकटीने घेऊन गेली होती. परत उतरताना विमान धावपट्टीवर आपटून उसळले, पुन्हा आपटले, पुन्हा उसळले. तिसऱ्या वेळी पुढचे चाक मोडले, प्रोपेलर जमिनीला लागला आणि विमान कडेच्या गवतात जाऊन थांबले. मुलगी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. मानेत लचक आणि कपाळावर खरचटणे, एवढ्यावर निभावले.

तेव्हापासून ती घरी आहे. रात्री दचकून उठते. मोपा विमानतळाच्या बाजूने विमानाचा आवाज आला की खिडकी लावून घेते. खाणी बंद पडल्यावर वडिलांना ट्रक विकावा लागला होता, आणि मुलीच्या प्रशिक्षणासाठी घर तारण ठेवून बँकेचे चाळीस लाखांचे कर्ज काढले आहे. ‘जीव वाचला तेवढे पुरे, आता बी.एस्सी. कर,’ असे वडील म्हणतात. सासूबाईंनी देवळात कौल लावला, तो डावा, म्हणजे नकाराचा, आला. मुलीच्या जातीला हे हवेच कशाला होते, असे नातेवाईक तोंडावर बोलून जातात. फ्लाइंग स्कूल मात्र तिला परत बोलावते आहे.

पत्रातली शेवटची गोष्ट या आईने नवऱ्यालाही सांगितलेली नाही. मुलीने संस्थेला दिलेल्या लेखी जबाबात ‘उतरताना अचानक वाऱ्याचा झोत आला’ असे म्हटले आहे. वरच्या बॅचच्या मुलांनी तसे लिहायला सांगितले होते. घरी आल्यावर एका रात्री ती म्हणाली, ‘वारा नव्हताच गं, आई. मीच घाबरून नाक खाली दाबलं.’ पाऊस आणि विमानांची दुरुस्ती यांमुळे त्याआधीचे जवळजवळ पाच आठवडे मुलीला उड्डाणच मिळाले नव्हते, हेही त्यांनी ओघात लिहिले आहे. त्यांना विचारायचे आहे ते असे: तिला परत पाठवावे का? खरे कळले तर तिचे लायसन्स कायमचे जाईल, तेव्हा जबाबाबद्दल गप्प राहणे बरे नाही का? आणि जिच्या हातून चार आसनांचे विमान नीट उतरले नाही, तिच्या हाती उद्या 180 प्रवासी सोपवणे योग्य होईल का?

ताई,

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी आधी बदलणार आहे. परत पाठवावे की नाही हा प्रश्न तुम्ही सर्वांत वर ठेवला आहे, कारण घरात जेवताना-खाताना त्याचीच चर्चा होत असणार. पण त्याचे उत्तर तुम्ही शेवटी, जरा संकोचाने लिहिलेल्या गोष्टीवर अवलंबून आहे. त्या दिवशी धावपट्टीवर नेमके काय घडले हे जोवर कागदावर खरे उतरत नाही, तोवर तिला पुन्हा काय शिकवायला हवे हे तिच्या प्रशिक्षकांना कळणार नाही. आणि ते न कळता तिने पुन्हा एकटीने विमान उडवणे मला खरोखर धोक्याचे वाटते. तिला कायमचे घरी बसवण्याचा निर्णयही आज घेतला तर तो एका खोट्या कारणावर आणि काही न झोपलेल्या रात्रींवर उभा राहील.

उत्तर लिहिण्याआधी, लहान विमाने शिकवण्यात अनेक वर्षे घालवलेल्या एका निवृत्त प्रशिक्षकांशी मी बोलले. तुमचे गाव, मुलीची संस्था, अपघाताचा दिवस यांतले काही त्यांना सांगितले नाही, केवळ घटनाक्रम वाचून दाखवला. दुसऱ्या उसळीपर्यंत पोचले तेव्हाच ते म्हणाले, ‘तिने नाक दाबलं असणार.’ वाऱ्याचा उल्लेख मी तोवर केलाही नव्हता.

त्यांना ते इतक्या चटकन कसे कळले, हे तुम्हाला आणि तिच्या वडिलांना समजणे आवश्यक आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. सेस्ना 172 सारखे विमान धावपट्टीकडे साधारण 65 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 120 किलोमीटर वेगाने येते. जमीन काही फुटांवर आली की वैमानिकाने इंजिनाची शक्ती काढून घ्यायची, हळूहळू नाक वर धरायचे आणि वेग ओसरू द्यायचा. मग विमान मागच्या दोन चाकांवर टेकते आणि पुढचे चाक सर्वांत शेवटी खाली येते. याला ‘फ्लेअर’ म्हणतात, आणि शिकणाऱ्याला सर्वांत जास्त वेळ याच काही सेकंदांसाठी द्यावा लागतो, कारण उंचीचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा असतो आणि तो अंदाज पुस्तकातून येत नाही. वेग थोडा जास्त राहिला किंवा नाक उचलायला उशीर झाला की विमान टेकण्याऐवजी उसळते. अशा वेळी माणसाचे हात आपोआप जे करू पाहतात, तेच घातक ठरते. जमीन दूर जाताना दिसते, वैमानिक घाबरून नाक खाली दाबतो, आणि विमान पुढच्या चाकावर पडते. आपटीचा भार घेण्यासाठी मागची चाके बनवलेली असतात. पुढच्या चाकाचा दांडा तेवढा दणकट नसतो. पुढच्या चाकावर पडलेले विमान नाक आणखी जोराने वर फेकते, वैमानिक आणखी जोराने दाबतो, आणि प्रत्येक उसळी आधीच्या उसळीहून मोठी होत जाते. दोन-तीन उसळ्यांत तो दांडा मोडतो आणि प्रोपेलर धावपट्टीला लागतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत हेच क्रमाने घडलेले दिसते.

यावर काय करायचे तेही शिकवले जाते. उसळी लहान असेल तर नाक आहे तिथे धरून, थोडी शक्ती देऊन विमान पुन्हा टेकवता येते. मोठी असेल तर उतरण्याचा हट्ट सोडायचा, पूर्ण थ्रॉटल द्यायचे, विमान सरळ वर न्यायचे आणि एक फेरी मारून नव्याने यायचे. हा ‘गो-अराउंड’ कागदावर सोपा आहे, पण एकटा असलेल्या शिकाऊ वैमानिकाला तो सुचत नाही, कारण त्याचे सगळे मन ‘एकदाचे खाली टेकू दे’ या एका इच्छेत अडकलेले असते. शिवाय काही जणांना फेरी मारणे म्हणजे नापास होणे वाटते. तसे ते मुळीच नाही. पावसाळ्यात दाबोळीला किंवा मोपाला उतरताना शेवटच्या क्षणी विमान पुन्हा वर गेल्याचा अनुभव गोव्यात येणाऱ्या पुष्कळ प्रवाशांनी घेतला आहे. तो निर्णय हजारो तासांचा अनुभव असलेले कॅप्टन घेतात आणि त्यांची कंपनी त्यांना त्यासाठी दोष देत नाही.

तुमचा 180 प्रवाशांचा प्रश्न आता घेते. तो आईने विचारला आहे याचा मला आदर वाटतो, कारण पुष्कळ पालकांना फक्त आपल्या मुलाचा जीव दिसतो. पण त्या प्रश्नात एक गृहीतक आहे: एका लँडिंगवरून माणसाची पात्रता कळते, असे. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी आपल्याकडे किमान 200 तासांचे उड्डाण लागते आणि त्यांतले 100 तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन उडवलेले असावे लागतात. लायसन्स मिळाल्यावरही 180 आसनांच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, सिम्युलेटरवरच्या परीक्षा आणि मग अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून देखरेखीखालची उड्डाणे असा लांबचा रस्ता असतो. ही सगळी चाळण यासाठीच आहे की पात्रता एका दिवसावरून ठरू नये. तुमची मुलगी आज त्या रस्त्याच्या सुरुवातीला आहे. ती पुढे चांगली वैमानिक होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. तिचे प्रशिक्षकही आज सांगू शकणार नाहीत. तिने विमान नीट टेकवायला शिकावे, हे तर हवेच. पण त्याहून मी एका गोष्टीकडे पाहीन: पुढच्या वेळी काही बिघडत आहे असे वाटले तर ती ते मान्य करून वेळेवर माघार घेते का. आणि म्हणूनच जबाबाचा प्रश्न तिच्या उड्डाणाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

खरे कळले तर लायसन्स कायमचे जाईल, ही भीती तिच्या मनात वरच्या बॅचने घातली असावी. भारतात विमान अपघातांचा तपास एअरक्राफ्ट अ‍ॅक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो, म्हणजे एएआयबी, ही 2012 साली स्थापन झालेली केंद्रीय यंत्रणा पाहते. तपासाचा हेतू काय, हे अपघात-तपासाच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे: पुढचे अपघात टाळणे हा एकमेव हेतू, दोष किंवा दायित्व कोणाच्या माथी मारणे हा नव्हे. हे तत्त्व आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टातून आले आहे आणि जगभर पाळले जाते. ब्युरोचे अंतिम अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. शिकाऊ वैमानिकांच्या लँडिंगमधल्या अपघातांचेही अहवाल त्यांत आहेत; त्यांतले एक-दोन तुम्ही आणि तिच्या वडिलांनी अवश्य वाचावेत. उसळलेले विमान, दाबलेले नाक, मोडलेले चाक हा क्रम तुम्हाला त्यांत पुन्हा भेटेल, आणि आपल्या मुलीने जगावेगळे काही केले नाही एवढे तरी वडिलांना दिसेल.

तरीही मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तपास यंत्रणा शिक्षा देत नसली, तरी डीजीसीए ही नियामक संस्था वेगळी आहे आणि तिला कारवाईचे अधिकार आहेत. काही काळ उड्डाण थांबवणे, सुधारात्मक प्रशिक्षण घ्यायला लावणे, पुन्हा परीक्षा घेणे हे होऊ शकते. चुकीच्या लँडिंगबद्दल शिकाऊ मुलीला अशा मार्गाने जावे लागले तर त्यात तिचे काही महिने आणि तुमचे काही पैसे जातील. पण जाणूनबुजून दिलेल्या खोट्या जबाबाकडे कोणीही ‘शिकताना झालेली चूक’ म्हणून पाहत नाही. पुढे विमान कंपनीत अर्ज करताना अपघाताबद्दल विचारणा झाली, तर ‘मी चुकले, ते लिहून दिले आणि पुन्हा शिकले’ असे सांगता येते. ‘वारा आला होता’ हे मात्र तिला नोकरीच्या सगळ्या वर्षांत जपत बसावे लागेल.

शिवाय ते टिकण्यासारखेही नाही. एरोड्रोमवर वाऱ्याची नोंद होते. रेडिओवरचे संभाषण नोंदलेले असू शकते आणि त्यात उतरण्यापूर्वी सांगितलेला वारा ऐकू येतो. धावपट्टीवर टायरच्या आणि प्रोपेलरच्या पात्यांच्या खुणा उमटतात. विमान कुठे टेकले, पुढचे चाक कुठे आपटले, हे त्यांवरून मोजता येते. आजच्या पुष्कळ सेस्ना विमानांत गोल काट्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक पडदे असतात आणि त्यांतल्या मेमरी कार्डावर वेग, उंची आणि नाकाचा कोन यांची सतत नोंद होत असते. कुठे ना कुठे सीसीटीव्हीही असतो. मुलीला जे शब्दांत लपवायचे आहे, ते यंत्राने बहुधा आधीच लिहून ठेवले आहे.

हे सगळे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. पकडले जाण्याची शक्यता शून्य असती तरी मी हाच सल्ला दिला असता, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रातले एक वाक्य आहे, ज्यावरून तुम्ही पटकन पुढे गेला आहात: त्याआधी जवळजवळ पाच आठवडे तिला उड्डाण मिळाले नव्हते. ताई, मला ते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. लँडिंग हे हातांचे आणि डोळ्यांचे कौशल्य आहे. नवशिक्याच्या अंगात ते मुरलेले नसते आणि खंड पडला की लगेच सुटते. इतक्या खंडानंतर प्रशिक्षकाने आधी तिच्या शेजारी बसून किती फेऱ्या मारल्या? त्या दिवशी तिला एकटीला सोडण्याचा निर्णय कोणी, काय पाहून घेतला? उसळलेले विमान सावरण्याचा सराव तिच्याकडून प्रत्यक्ष करून घेतला होता, की फक्त तोंडी सांगितला होता? शिकाऊ वैमानिकाचे एकल उड्डाण प्रशिक्षकाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली होते, त्यामुळे हे प्रश्न विचारणे कुणावर आरोप करणे नव्हे. पण वाऱ्याचे नाव घेतले की ते कुणी विचारतच नाही. वारा सगळ्यांनाच सोयीचा असतो. मुलीला वाटते आपण वाचलो, संस्थेलाही बरे वाटते, आणि पुढच्या पावसाळ्यात पाच आठवडे जमिनीवर बसलेल्या दुसऱ्या कुणा मुलाला तसेच एकटे वर पाठवले जाते. तिच्या खोट्या वाक्याने तिची चूक झाकली, तशीच तिच्या बाजूने बोलणारी गोष्टही झाकली. दाबलेले नाक हे त्या अपघाताचे शेवटचे कारण आहे. ते एकमेव कारण आहे, असे तुम्हीही मानू नका आणि तिलाही मानू देऊ नका.

म्हणून तिने पुरवणी जबाब द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो तिने स्वतः लिहावा. तुम्ही शिक्षिका आहात, मुलांचे निबंध तपासण्याची सवय हाताला आहे. तरी या कागदावर तुमची लाल शाई लागू देऊ नका. तुम्ही परस्पर संस्थेला फोनही करू नका. तिने विश्वासाने रात्री सांगितलेली गोष्ट आईने दिवसा दुसऱ्याला सांगितली, असे होता कामा नये. तिच्याशी बोलताना ‘तू खोटे का लिहिलेस’ इथून सुरुवात करू नका. अपघातानंतर थरथरत्या हाताने, आपल्यापेक्षा मोठी मुले सांगतात म्हणून लिहिलेले ते वाक्य आहे. ‘तुला आता कसे लिहावेसे वाटते’ असे विचारा आणि ती दोन-चार दिवस काही बोलली नाही तरी थांबा. मात्र आठवडे जाऊ देऊ नका, कारण आठवण दिवसेंदिवस बदलत जाते आणि तपास पूर्ण होण्याआधी केलेल्या दुरुस्तीला जी किंमत असते ती नंतर उरत नाही.

जबाब लांबलचक नको. साधारण असा चालेल: ‘माझ्या पहिल्या जबाबातला वाऱ्याच्या झोताचा उल्लेख बरोबर नाही. तो मी घाबरलेल्या अवस्थेत केला होता. विमान पहिल्यांदा टेकून उसळल्यावर मी नाक खाली दाबले. दुसऱ्या उसळीनंतरही तेच केले. गो-अराउंड करण्याचे मला सुचले नाही. याआधीचे माझे उड्डाण अमुक तारखेला झाले होते.’ जे आठवत नाही तिथे ‘मला आठवत नाही’ असे लिहावे. वेग किती होता हे माहीत नसेल तर अंदाजाने आकडा घालू नये. स्वतःला शिव्या देणारी वाक्ये नकोत, माफीनामा नको, इतर कुणाबद्दल तर्क नकोत. कागद संस्थेच्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरकडे आणि सुरक्षेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावा, तपास अधिकारी नेमले असतील तर त्यांनाही पाठवावा, आणि पोच घेऊन एक प्रत घरी ठेवावी. तो मागे घेण्याचा दबाव आला, तर मात्र तोंडी वाद न घालता विमान वाहतुकीची प्रकरणे माहीत असलेल्या वकिलाचा एकदा सल्ला घ्या. जे विद्यार्थी आज अशाच प्रसंगात असतील, त्यांनी पहिलाच जबाब खरा लिहावा. त्या वेळी डोके चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवून झाल्यावर थोड्या वेळाने लिहितो असे सांगावे, पण दुसऱ्याचे शब्द उसने घेऊ नयेत.

आता परत जाण्याबद्दल. ‘पडलेल्याने लगेच घोड्यावर बसावे’ या छापाचा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील, आणि ‘देवाने इशारा दिला, ऐका’ असेही. मला दोन्ही घाईचे वाटतात. तिने आधी तिथे जाऊन यावे, विमान न उडवता. प्रशिक्षकांसोबत बसून त्या लँडिंगचा एकेक क्षण बोलावा, नोंदी उपलब्ध असतील तर पाहाव्यात. नंतर, तिची तयारी असेल आणि नियमानुसार परवानगी असेल तेव्हा, प्रशिक्षकाबरोबर काही उड्डाणे करावीत, ज्यांत लँडिंगपेक्षा गो-अराउंडचा सराव जास्त असेल. शक्य असल्यास एखादे उड्डाण नेहमीच्या प्रशिक्षकाऐवजी दुसऱ्याबरोबर असावे. वेगळ्या डोळ्यांना वेगळे दिसते. पुन्हा एकटीने कधी जायचे याची तारीख आधी ठरवू नये. आणि यापैकी कुठल्याही टप्प्यावर ‘मला हे नको आहे’ असे तिला वाटले, तर तो निर्णय तेव्हा माहिती घेऊन केलेला असेल आणि कुणी तिला पळपुटी म्हणू नये. विमानतळाचे कामकाज, हवाई वाहतूक नियंत्रण, विमान देखभाल असे या क्षेत्रात राहण्याचे इतर मार्ग आहेत. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीसाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली बी.एस्सी. चालते, हे वडिलांच्या कानावर घाला.

संस्थेलाही काही विचारा, आणि उत्तर लेखी मागा. खंड पडलेल्या विद्यार्थ्याला एकटे सोडण्याआधी तुमचा नियम काय आहे? किती विद्यार्थ्यांमागे किती विमाने आणि किती प्रशिक्षक आज प्रत्यक्ष उपलब्ध आहेत? अपघातानंतर तुम्ही काय बदलले? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर माझ्या मुलीला मी तिथे परत पाठवणार नाही, दुसरी संस्था शोधेन. लॉगबुकमधले प्रमाणित तास तिचे स्वतःचे असतात, ते वाया जात नाहीत. फीचे पैसे परत मिळणे मात्र करारावर अवलंबून राहील.

तिची झोप मी शेवटी ठेवली असली, तरी वेळ पाहता ते काम आधी व्हायला हवे. मानेची लचक हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दचकून उठणे, आवाज टाळणे हे अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे पुष्कळांना होते आणि आपोआप ओसरते. महिना उलटूनही ते तसेच राहिले किंवा वाढले, तर मदत घ्यायलाच हवी. तुमच्या हिशेबाने तो महिना आता जवळजवळ पुरा होत आला आहे. बांबोळीची मानसोपचार संस्था तुमच्यापासून फार लांब नाही, आणि 14416 या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर घरबसल्याही बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले तर मेडिकल, म्हणजे उड्डाणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र, जाईल, या भीतीने शिकाऊ वैमानिक गप्प बसतात. वेळेवर घेतलेले समुपदेशन आणि लपवून ठेवून कॉकपिटमध्ये नेलेला त्रास यांत धोका कशाचा मोठा, हे सांगायला नको. उपचार घेतल्यास ते पुढच्या वैद्यकीय तपासणीत खरे सांगावे; तिला आणखी एखादे खोटे वाक्य सांभाळायला लावू नका.

सासूबाईंच्या कौलाबद्दल तुम्ही थोड्या दबकत लिहिले आहे. आपल्याकडे देवाला विचारल्याशिवाय घराचा चौथरा घालत नाहीत, तेव्हा नातीच्या जिवाबद्दल त्यांनी विचारले यात मला काही गैर वाटत नाही. पण कौल लावताना देवाला प्रश्न काय घातला, ते त्यांना मायेने विचारा. ‘तिला आत्ता पाठवू का’ असा असेल, तर त्याचे उत्तर आणि माझे उत्तर फार वेगळे नाही. नातेवाइकांच्या ‘मुलीच्या जातीला’ या बोलण्याला मात्र मी अजिबात किंमत देणार नाही. भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 15 टक्के असल्याचे सरकारने संसदेत सांगितलेले आहे आणि ते जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. पुढचे चाक मोडणाऱ्या मुलग्यांना त्यांची जात कोणी विचारत नाही.

तिच्या वडिलांशी जबाबाबद्दल कोण बोलणार, हे मुलीला ठरवू द्या, पण बोलणे व्हायला हवे. घर त्यांनी तारण ठेवले आहे आणि अर्धी माहिती घेऊन ते निर्णय घेत आहेत. खाणबंदीने एकदा उत्पन्न गेलेल्या माणसाला पुन्हा सगळे हातचे जाईल असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी पैशांचे स्वतंत्र बोलणे करा. शैक्षणिक कर्जात हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र त्याआधीही चढत असते. प्रशिक्षण लांबणार असेल किंवा थांबणार असेल तर बँकेला ते आधी लेखी कळवून मुदतीबद्दल विचारावे, हप्ता थकल्यावर नव्हे. विमानाच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातून किती जातो आणि विद्यार्थ्याकडून किती घेतला जाऊ शकतो, हे प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या करारात शोधा. विम्याच्या कागदांतही वाऱ्याचा झोत लिहिला गेला असेल तर तो दावा पुढे अडकू शकतो, हे पुरवणी जबाब लवकर देण्याचे आणखी एक कारण आहे. संस्थेने भरपाईची मागणी केली तर ती आकड्यांसह लेखी मागवा, आणि करार व ती मागणी दोन्ही वकिलाने वाचेपर्यंत तुमच्यापैकी कोणीही, मुलगीसुद्धा, कुठल्याही हमीपत्रावर सही करू नये.